करडीचं तेल आणि तांबडा दिवा

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडी चालवता येत होती असं मी म्हणणार नाही. त्यांना ती जळकोटहून नांदेडला नेता येत होती आणि परत आणता येत होती. तेवढ्यासाठीच ती घेतली होती. त्या गाडीत बसून आम्ही कधी लग्नाला गेलो नाही की जत्रेला गेलो नाही. दर तीन आठवड्यांनी मंगळवारी माझ्या धाकट्या भावाला, बसूला, रक्त द्यायला नांदेडला न्यायचं, एवढंच तिचं काम. बसू सहा वर्षांचा होता आणि मी पंधरा. त्याच्या अंगात स्वतःचं रक्त टिकत नसे. त्या दुखण्याचं नाव मला पुढे लातूरला कॉलेजात असताना एका जाड पुस्तकात सापडलं. तेव्हा घरात त्याला नाव नव्हतं, 'बसूचा दिवस आला' एवढंच म्हणत. दिवस जवळ आला की आधी त्याचे ओठ पांढरे पडायचे, मग नखं. मग खेळता खेळता तो ओट्यावर आडवा व्हायचा आणि फरशीला गाल लावून आमच्याकडे बघत राहायचा. पूर्वी त्याला एसटीनं नेत. एकदा भरलेल्या गाडीत उभ्यानंच तो अव्वाच्या अंगावर कोसळला. आम्ही आईला अव्वा म्हणायचो. त्याच महिन्यात आप्पांनी ती काळी गाडी आणली. तिचे आधी दोन मालक होऊन गेले होते.

आप्पा यंदा चैत्रात गेले. नव्वदीला टेकले होते, त्यामुळे भेटायला येणारे लोक 'सोनं झालं' म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मी लातूरच्या या घरात मागच्या खोलीत बसते आणि रोज थोडं थोडं लिहिते. आप्पांविषयी लिहायला बसलं की हात पुन्हा पुन्हा त्या एका मंगळवारावर येऊन थांबतो, म्हणून आधी तोच लिहून काढते.

आमचा तेलाचा घाणा होता. घर पुढे आणि घाणा मागे. सकाळी सातला मोटर सुरू झाली की पट्ट्याची फटफट भिंतीतून आत यायची. चुलीवरच्या तव्यापर्यंत ती पोचायची आणि संध्याकाळी मोटर बंद झाली की कानात काहीतरी सांडल्यासारखं व्हायचं. अंगणात, पुस्तकांत, केसांत, सगळीकडे करडीचा वास. जेवणात गरम जवारीची भाकरी, कारळाची चटणी आणि वर धारेनं सोडलेलं कच्चं तेल, हे इतकं रोजचं होतं की त्याला चव आहे हे मला गाव सुटल्यावर कळलं. आमच्या घरात तेल म्हणजे करडीचंच. देवापुढच्या दिव्यात ते, बसूच्या टाळूवर ते, सायकलच्या साखळीला, दाराच्या बिजागरीला, आडाच्या रहाटाला, अव्वाच्या शिलाई मशीनलाही तेच. आप्पा म्हणायचे, करडीनं लोखंड मरत न्हाई. घाण्याच्या धुऱ्याला आजोबांपासून हेच तेल होतं आणि तो धुरा अजून गुळगुळीत होता. हे सांगताना त्यांचा आवाज अभंग म्हणणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

अव्वाचं शिलाई मशीन मात्र दर दोन महिन्यांनी घट्ट व्हायचं. पाय मारला तरी चाक फिरायचं नाही. मग आप्पा पेठेत गेले की अव्वा मशीन उलटं करायची, जुन्या ब्रशनं रॉकेल लावायची आणि आतला पिवळट चिकटा खरवडून काढायची. मी चिंधी धरून बसायचे. आप्पांच्या पावलांचा आवाज आला की रॉकेलची बाटली पाटीखाली जायची. याबद्दल ती मला कधी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आप्पा मारकुटे होते अशातला भाग नाही. त्यांनी आमच्यावर हात उचललेला मला आठवत नाही. पण ते दुखावले की जेवायचे नाहीत, दोन दोन दिवस बोलायचे नाहीत, आणि त्या शांततेत घाण्याचा आवाजसुद्धा वाढल्यासारखा वाटायचा. म्हणून घरात त्यांची चूक कुणी दाखवत नसे. जे बिघडेल ते मागच्या बाजूनं दुरुस्त करून ठेवायचं, अशी आमच्या घरातल्या बायकांची रीत होती.

गाडीच्या पुढच्या फळीवर मण्याएवढा एक तांबडा दिवा होता. किल्ली फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. त्या काळी एक बाटली रक्त घ्यायचं तर त्या बदल्यात रक्त देणारा आपला एक माणूस न्यावा लागे. आमच्याकडून घाण्यावरचे गडी, शेजारी, आप्पांचे मित्र पाळीपाळीनं यायचे आणि परतताना त्यांच्या घरी पोचवायला करडीच्या तेलाचा एक डबा डिकीत असायचा. श्रावणातल्या एका खेपेला जांबच्या पुढे तो तांबडा दिवा चालत्या गाडीत लागला. आप्पांनी गाडी बाजूला घेतली, तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. इंजिनातलं तेल तळाला गेलं होतं. इंजिनच्या तेलाचा डबा रिकामा होता आणि आसपास दुकान नव्हतं. ते थोडा वेळ बांधावर उभे राहिले. मग त्यांनी डिकीतला डबा उघडला, पाण्याच्या तांब्यानं करडीचं तेल मोजलं आणि इंजिनात ओतलं. गाडी सुरू केली, आणि दिवा विझला.

"बघ," ते मला म्हणाले. मागे अव्वा, बसू आणि रक्त द्यायला आलेला शेजारी झोपले होते, पुढे मी एकटीच जागी होते. "तेल ते तेल."

घरच्या तेलानं गाडीसुद्धा चालते याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिला. त्या दिव्यानंच त्यांना चुकीचा धडा दिला असं आता वाटतं. त्यानंतर दर खेपेला निघायच्या आधी ते तांब्याभर तेल घालू लागले. मला शिलाई मशीन आठवत होतं. मी पुस्तक उघडून बसले.

दसऱ्यानंतर दिवा पुन्हा दिसू लागला. आधी गाडी तापल्यावर, चौकात हळू झाली की नुसता फडफडायचा. मग मिणमिणत राहू लागला. मग एकदा घाण्याच्या दारात गाडी सुरू केली आणि तो विझलाच नाही. आप्पांनी पट्टी पाहिली, तेल तर काठोकाठ होतं. त्यांनी तरीही अर्धा तांब्या आणखी घातला. गावातल्या मिस्त्रीनंही पट्टी पाहिली आणि म्हणाला, तेल भरपूर हाय, म्हंजे दिव्याचा खटकाच खराब असंल, पण तो बदलल्याबिगर लांब जाऊ नगा. तो खटका उदगीरला मिळाला नाही, लातूरहून मागवावा लागला. मंगळवार आला आणि गेला. एसटीचा संप चालू होता. आज येतो, उद्या येतो करत खटका यायला आठ दिवस लागले.

त्या आठ दिवसांविषयी मला लिहिता येत नाही आणि ते टाळताही येत नाहीत. बसू दुसऱ्या दिवसापासून उठेनासा झाला. चौथ्या दिवशी अव्वानं त्याला घोंगडीवर घाण्याच्या खोलीत नेऊन निजवलं, कारण त्याला पट्ट्याचा आवाज आवडायचा. श्वास असा चालायचा की जणू तो कुठून तरी पळत आलाय. अव्वा सकाळ-संध्याकाळ त्याच्या कपाळाला विभूती लावायची. त्याची कातडी इतकी फिकी झाली होती की ते तीन बोटांचे पट्टे उठून दिसायचे नाहीत. आप्पा रोज मिस्त्रीकडे जायचे, परत यायचे, आणि कुणाकडे न बघता पेंडीच्या पोत्यांवर बसायचे. मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. तांब्या ठेवायचे आणि आत जायचे.

नवा खटका बसवला तरी दिवा लागलेलाच. मिस्त्रीनं हात टेकले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात गेले तेव्हा आप्पा बॉनेटखाली वाकले होते. त्यांनी खटक्यावरची वायर उपटली आणि बाजूला वळवून ठेवली. मग गाडी सुरू केली, अव्वानं बसूला मांडीवर घेऊन आत बसल्यावर समोर पाहिलं तर दिवा विझलेला होता. तिनं हात जोडले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर उपटताना पाहिलंय हे त्यांना कळलं होतं, आणि मी बोलणार नाही हेही त्यांना माहीत होतं.

रक्त द्यायला त्या दिवशी नागनाथ होता. घाण्यावरचा सगळ्यात जुना गडी. आप्पांना चार शब्द सुनावायची मुभा असलेला तो एकटाच माणूस. कंधारच्या अलीकडे इंजिनातून टकटक यायला लागली. कुणीतरी आतून दार वाजवावं तशी.

"आप्पा, हे इंजिन बोलायलंय," नागनाथ म्हणाला.

आप्पा म्हणाले, रस्ता खराब हाय. नागनाथ म्हणाला, रस्ता तर मघापासनं चांगला लागला. कंधारमध्ये शिरताना आवाज इतका वाढला की माणसं वळून बघू लागली, आणि आप्पांनी पहिल्याच गॅरेजात गाडी घातली.

गॅरेज म्हणजे बाभळीखालचं पत्र्याचं छप्पर होतं. मिस्त्रीला सगळे खय्यूम उस्ताद म्हणत. पन्नाशीचा, बारीक, एका डोळ्यावर पांढरा ठिपका असलेला माणूस. त्यानं आधी मागच्या सीटवर निजलेला बसू पाहिला आणि मग गाडीकडे वळला. बॉनेट उघडल्याबरोबर त्याला लोंबणारी वायर दिसली. त्यानं विचारलं नाही, नुसती ती पुन्हा खोचली. तांबडा दिवा लागला. अव्वानं तो पाहिला, मग आप्पांकडे पाहिलं, आणि बसूचं डोकं पदराखाली घेतलं.

उस्तादानं खटक्याच्या जागी दुतोंडी जोड बसवला, त्यावर खटक्याशेजारी काट्याचं मीटर लावलं आणि इंजिन सुरू केलं. काटा जरासा वर गेला, थरथरला आणि गाडी तापत गेली तसा खाली येत शून्याला टेकला. त्यानं लगेच इंजिन बंद केलं. दिवा खरं तेच सांगत होता, तो म्हणाला. तेल किती आहे ते हा दिवा सांगत नाही, तेल वर चढतंय की नाही ते सांगतो. खाली तेल भरपूर आहे, पण वर चढत नाही. मग एक तर बेरिंगा झिजल्यात, नाहीतर पंप गेलाय. बेरिंगच असणार, आवाज तसा आहे. म्हणजे इंजिन उतरवायला पाहिजे. चार दिवस.

"खालची तेल गाळायची जाळी तुंबली असली तर?" आप्पांनी विचारलं. यावरून मला कळलं की त्यांच्याही मनात करडीचं तेलच होतं.

"जाळी अशी तुंबत न्हाई, आप्पासाब. कचरा येईल कुठून? तेल कोणतं टाकलं?"

"गाडीचंच."

"दुसरं काई?"

"न्हाई."

उस्ताद हात पुसायला लागला. नागनाथ रस्त्यावर जाऊन उभा राहिला. संपामुळे जीपगाड्यांच्या टपावरसुद्धा माणसं होती, त्यात निजलेल्या पोराला जागा कोण देणार. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरून गाडीपाशी आला, काचेतून आत बघितलं, आणि नागनाथाला बाजूला घेऊन म्हणाला की वाटेत काही झालं तर मी काय करू, मलाही लेकरं आहेत. ट्रक निघून गेला. अकरा वाजून गेले होते. नांदेडचे डॉक्टर चारला दवाखान्यातून निघायचे. बसूनं डोळे उघडले आणि मला विचारलं, "अक्का, आज रक्त न्हाई का?" त्याला ती सुई आवडत नसे. तरीही तो विचारत होता.

मी गाडीतून उतरले आणि उस्तादाजवळ गेले. आप्पा त्याच्या शेजारीच उभे होते. मी म्हणाले, त्यात करडीचं तेल हाय. पण इतकं हळू, की उस्ताद म्हणाला, काय म्हणाली बेटी? पुन्हा बोलावं लागलं. दुसऱ्यांदा ते सगळ्यांना ऐकू गेलं. अव्वाला, रस्त्यावरून परत आलेल्या नागनाथाला, चहाच्या टपरीवरच्या दोघांना.

उस्तादानं आप्पांकडे पाहिलं. आप्पा गाडीच्या चाकाकडे बघत होते. मला वाटलं ते आता नाही म्हणतील, आणि मग मी खोटी ठरेन आणि बसू या बाभळीखालीच जाईल.

"तांब्यानं," आप्पा म्हणाले. "दर खेपेला. कधी दीड तांब्या."

"कधीपासनं?"

"श्रावणापासनं."

उस्तादानं पट्टी काढली, बोटांनी तेल चोळलं, वास घेतला. मग म्हणाला, "आप्पासाब, तुमी तर गाडीला फोडणी दिली." टपरीवरचा एकजण हसला. नागनाथही हसला आणि लगेच तोंड फिरवून घेतलं. उस्ताद मात्र गंभीर होता. करडी तापली की तिचा डिंक होतो, तो म्हणाला, हे मी रंगाच्या दुकानात पाहिलंय, तिथं ते रंगात घालतात. मग बेरिंगा नसतील, जाळीच असेल. तीन तास द्या. देवाची मर्जी असली तर तीन तासांत देतो.

आता माझ्या चुलत पुतण्याच्या गाडीत प्रत्येक गोष्टीचा वेगळा दिवा लागतो आणि वर एक बाई बोलूनही सांगते. तो मला विचारतो, आत्या, तुला गाडीतलं काय कळतं? मी म्हणते, काही नाही. पण तेलाची टाकी इंजिनखालून कशी उतरवतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी जुनं तेल घमेल्यात सोडलं, आणि छपराखाली तळणाचा वास पसरला. मग चारी बाजूंचे बोल्ट निघाले. टाकी खाली आली तेव्हा तिच्या तळाशी गुळाच्या रंगाचा, बोटभर जाड थर होता. पंपाच्या तोंडावरची जाळी तर दिसतच नव्हती. तिच्यावर कातडं चढलं होतं. उस्तादानं नख घालून ते ओढलं तसं ते सायीसारखं अख्खं निघून आलं.

अव्वा गाडीतून उतरून बघत होती. ती म्हणाली, "माज्या मशीनीत हेच निघतंय." आप्पांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तेरा वर्षं ते मशीन घरात होतं. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, उस्तादाच्या हातातून जाळी घेतली आणि मातीत मांडी घालून रॉकेलमध्ये ती घासायला बसले. ब्रशनं निघेना तिथं काडीनं, काडीनं निघेना तिथं नखांनी. एका नखातून रक्त आलं तेव्हा उस्ताद म्हणाला, बास, आप्पासाब, आता आरपार दिसायलंय. आप्पांनी ती आभाळाकडे धरून पाहिली आणि परत घासायला घेतली.

मी बसूचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. ते बर्फासारखे होते. बारा वाजले, एक वाजला. त्याचा श्वास मी मोजत होते आणि मध्येच विसरत होते. नागनाथ समोरच्या दुकानातून इंजिनचं तेल घेऊन आला. उस्तादानं पॅकिंगचा कागद कात्रीनं कापून बसवला, बोल्ट आवळले, तेल भरलं. पावणेदोनला मला वाटलं होतं की आता होणार नाही. सव्वादोनला त्यानं आप्पांना गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवायला सांगितली.

इंजिन सुरू झालं. दिवा तांबडाच होता. उस्ताद म्हणाला, थांबा, वर चढायला वेळ लागतो. आम्ही पाचही जण त्या मण्याकडे बघत होतो. टकटक वाढली. आप्पांचा हात किल्लीवर गेला, उस्तादानं तो धरला. मग दिवा फडफडला आणि विझला. मीटरचा काटा हळूहळू चढला आणि वर थांबला. टकटक कमी कमी होत गेली. पूर्ण गेली नाही. बेरिंगा थोड्या खाल्ल्याच गेल्यात, उस्ताद म्हणाला, हळू जा, आठ दिवसांत परत या, अजून एकदा धुवावं लागंल.

नांदेडला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि डॉक्टर कोट काढून हातात घेऊन दारातच भेटले. त्यांनी बसूची खालची पापणी ओढून पाहिली आणि आप्पांना विचारलं की आठ दिवस काय करत होता. आप्पा म्हणाले, "चूक झाली, डॉक्टरसाहेब. माझी." गाडी बिघडली होती असं ते म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी कोट पुन्हा घातला. नागनाथ रक्त द्यायला दुसऱ्या खोलीत जाऊन आडवा झाला, बसूला बाटली लागली. पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. मग त्याच्या कानाच्या पाळीत, अगदी तिथंच, थोडी लाली दिसायला लागली. अव्वा भिंतीला टेकून खाली बसली.

बसू त्यानंतर आठ वर्षं जगला. शाळेत गेला, माझी पुस्तकं फाडली, पुढे वाचलीही. तो गेला ते दुसऱ्या कारणानं, चौदाव्या वर्षी. पण त्या आठ दिवसांनी त्याच्यातलं काय नेलं ते कुणी सांगू शकलं नाही. मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. आप्पा येऊन शेजारी बसले. नखाला त्यांनी चिंधी बांधली होती. हाताला रॉकेलचा वास येत होता. मला वाटलं, आता ते दोन दिवस बोलणार नाहीत, फार तर चार.

"तुला ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "मशीनीचंबी. तेलाचंबी."

मी मान हलवली.

"मग आदी का न्हाई सांगितलंस?"

मी त्यांच्या नखावरच्या चिंधीकडे पाहिलं. मग खरं ते सांगितलं. "तुम्ही रागावला असता."

आतून बसूचा आवाज आला, तो पाणी मागत होता. आप्पा उठले. दाराशी जाऊन थांबले.

"रागावलो असतो," ते म्हणाले. "रागवू द्याचं व्हतं गं."